मांड

“कुणाचा विश्वास बसणार नाही,” माहेरी आलेली नटी सोलोंगो म्हणाली, “पण सिनेमात उधळल्या घोड्यावरून नदी ओलांडली ती मीच!”

सगळ्या तंबूने वाहवा केली. तिने मात्र खारट चहाचा घोट घेत दाराकडे पाठ केली. लहानपणी पडल्यापासून तिला घोड्याच्या नुसत्या वासानेही कापरं भरे, आणि बाहेर काकाने नवा काळा घोडा खोगीर घालून उभा केला होता.

“चल पोरी, दाखव सगळ्यांना!” काका म्हणाला.

तिने घाबरून बापाकडे पाहिलं. बाप वाडग्यात तोंड खुपसून बसला.

“खोटं!” चुलीपाशी आई कडाडली. “डावा खांदा पाडून बसणारी ती मांड मी चाळीस वर्षं बघतेय. अहो, त्या सिनेमाच्या वेळी मेंढ्या विकायला गेला होतात ना? उठा, खोटी वेणी बांधा आणि तुम्हीच बसा घोड्यावर!”