जितं इंजिन

राष्ट्राची थोरवी ते आपला इतिहास कसा जपतं यावर ठरते, असं साखर कारखान्याचे चेअरमन काकासाहेब प्रत्येक सभेत सांगत. कारखान्याचं शेवटचं वाफेचं इंजिन भंगारात विकायच्या ठरावावर सहीही त्यांचीच होती.

साल एकाहत्तर. नेवाशाकडच्या मळ्यांतला ऊस आता ट्रॅक्टरने येऊ लागला होता. शेतांतले रूळ उखडले गेले. उरलं ते एवढंसं इंजिन आणि त्याचा ड्रायव्हर प्रभुदास. फायरमन छगन पहाटे भट्टी पेटवी. वाफ धरली की सकाळच्या भोंग्याला प्रभुदास वर चढे. कित्येक हंगाम असेच गेले. इंजिन कापणार म्हटल्यावर त्याला अन्न गोड लागेना. तो दोनदा काकासाहेबांना भेटला. दोन्ही वेळा चहा मिळाला.

मग एका सोमवारी कामगार चाळीतल्या बायका बंगल्यावर गेल्या. पुढे गोजरबाई.

“इंजान आमचा इतिहास हाय,” ती म्हणाली. “त्यो भंगारात घालायचा न्हाई.”

काकासाहेब चकित झाले. आपलं भाषण कुणी ऐकत असेल, अशी शंका त्यांना कधी आली नव्हती. त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाईंनीही आतून निरोप धाडला, की बायकांचं बरोबर आहे. तेव्हा ते म्हणाले, ठीक, रंग देऊन फाटकाशी चौथऱ्यावर ठेवू.

गोजरबाईला ते पटलं नाही. थंड इंजिन म्हणजे मढं. मढ्याचा कसला इतिहास? ते रोज पेटलं पाहिजे आणि चाळीच्या मागच्या अंगाला उभं राहिलं पाहिजे. तिथं पाहुण्यांना कसं दिसणार, असं काकासाहेबांनी विचारलं.

“पाव्हनं वरसातनं दोनदा येत्यात. आमी रोज हाय. आन् पेटवाया छगनच पायजे. त्याला येळ कळती.”

जाळायला चिपाडं कारखान्याचीच होती. ठराव फिरला.

प्रभुदासला गहिवरून आलं. आपल्याशिवाय या इंजिनाकडे कुणी पाहतही नाही, असं तो धरून चालला होता. बायकांना तू शिकवलंस का, असं त्याने घरी बायकोला, हन्नाला विचारलं.

“बाया शान्या हायेत,” हन्ना म्हणाली आणि तिने भाकरी उलटली.

चाळीमागे इंजिन पेटायच्या पहिल्या दिवशी तो मुद्दाम पहाटेच गेला. थंडी कडक होती. अंगात धुतलेला गणवेश होता. इंजिन विलायतेत कुठं बनलं, बोटीतून कसं आलं, सगळं त्याने पाठ केलं होतं. वाफ धरली तशी धुक्यातून अख्खी चाळ गोळा झाली. इतकी माणसं पाहून त्याचे डोळे भरून आले. त्याने घसा साफ केला.

“ते मागनं सांगा, दादा,” गोजरबाई म्हणाली. “आदी आंघुळीचं पानी घिऊ द्या.”

छगनने सवयीने बॉयलरचा नळ सोडला. रांगेतली पहिली बादली गोजरबाईची होती. दुसरी, पितळेची, काकासाहेबांच्या बंगल्यावरची.