चिखलाचा मान

पेंगसीनं ओळ टाकली आणि ती कुणीच झेलली नाही.

"मासा गेला, बेडूक गेला, खेकडा गेला बाई,
उरल्या चिखलात पाय घालायची कुणाची छाती नाही!"

थायलंडच्या इसान भागात, पावसासाठी शोभेच्या दारूचे बाण आभाळात सोडायच्या जत्रेत, गाण्याची रीत ठरलेली असते. म्हातारीनं पुढं म्हणायचं, ढोलवाल्यानं ठेका धरायचा, दुसरी ओळ गावानं उचलायची. पेंगसी दरवर्षी नवं गाणं रचायची. त्यात जावयापासून भिक्खूंपर्यंत कुणाची गय नसायची, आणि त्या दिवशी कुणी रागवायचं नाही असा रिवाज होता. यंदा तिनं सोन्याच्या खाणीखालून येणाऱ्या ओढ्यावर गाणं बांधलं, तर हेच गाव ओठ शिवून उभं राहिलं.

"म्हातारे, काहीतरी चावट गा की, नेहमीसारखं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"खाणीनं घरं दिली, पंखे दिले, तर हिच्या पोटात दुखतंय!"

चिकट भाताचा एक गोळा येऊन तिच्या खांद्यावर आदळला. लोक हसले. पेंगसीनं तो झटकला आणि तीच ओळ पुन्हा म्हटली. तिला भीती वाटत होती, पण गप्प बसण्याची त्याहून जास्त.

तिचा मुलगा खाम्पोन गर्दीतून आत घुसला. तो खाणीत कामाला होता आणि गावच्या मुखियाचा बाण बनवणाऱ्या टोळीतही. त्यानं तिचं कोपर धरलं. "आई, बास झालं. तुझं गाणं होतं आणि माझी नोकरी जाते."

"पोटऱ्या दाखव बघू तुझ्या."

त्यानं लुंगीचा काठ आणखी खाली ओढला आणि तोंड फिरवलं.

गळ्यात हार घातलेला मुखिया उथाय पुढं आला. "ओढा स्वच्छ आहे, मी सांगतोय ना! सकाळी तोंड धुतो मी त्या पाण्यानं. म्हातारीचं डोकं फिरलंय, सोडून द्या. आता बघा, माझा बाण थेट ढगात जाऊन पाऊस घेऊन येतो की नाही!"

टाळ्या पडल्या. त्यानं स्वतःच्या हातानं वात पेटवली.

बाण खोकला. धूर ओकला. मचाणावरच आडवा झाला आणि विझला.

एकच आरोळी उठली. बाण फुसका गेला की मालकाला टोळीसकट चिखलात टाकायचं, त्यातून पूर्वीही कुणी सुटलं नव्हतं. पोरांनी उथायला खांद्यावर घेतलं. तोही हसत होता, हात हलवत होता. खड्डा दिसेपर्यंत.

खड्डा नेहमीसारखा ओढ्याच्याच पाण्यानं भरलेला होता. वर पिवळसर फेस धरला होता.

"थांबा! थांबा रे! त्यात नाही!" उथाय पाय झाडू लागला. "टँकर मागवा! शहरातल्या पाण्याचा चिखल करा, मग हवं तितकं लोळतो!"

"आणि आम्ही?" खाम्पोननं विचारलं.

"तुमचं काय रे? तुमची कातडी मुरलीय त्यात!"

कुणी हसलं नाही. भात फेकणारा हात पाठीमागं गेला. पेंगसीची नजर खाम्पोनच्या लुंगीच्या काठावर गेली. ढोलवाला तिच्याकडं बघत राहिला.

खाम्पोननं लुंगी गुडघ्यापर्यंत खोचली. दोन्ही पोटऱ्या लाल होत्या, सोललेल्या. त्यानं आयुष्यात कधी गाणं म्हटलं नव्हतं. आवाज फाटका निघाला.

"मासा गेला, बेडूक गेला, खेकडा गेला बाई..."

दुसरी ओळ गावानं उचलली. ढोल सुरू झाला. उथाय ओरडतच होता, पण त्याला कुणी खाली ठेवलं नाही. त्याला उचलणारे खांदे ठेक्यावर पावलं टाकत खड्ड्याकडं निघाले होते.