लांबची लेन्स

गुणाजीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि रस्त्यापलीकडची चाळ त्याच्यापाशी चालत आली. तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेलं पातळ, त्याचा हिरवा काठ, कठड्यावरचा कावळा. सगळं हाताला लागेल इतकं जवळ. आवाज मात्र नाही. स्वप्नात माणसं येतात तसं.

"शामराव, हीच," तो म्हणाला.

शामराव त्याचा फोटोच्या नादातला सोबती. रविवार आला की दोघं गिरगावातल्या या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात यायचे, लेन्सा हाताळायचे, वाद घालायचे आणि घरी जायचे. शामरावला संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे टिपायचे असत. धावती माणसं, फडफडते झेंडे. त्याला उजेड पिणारी लेन्स हवी होती.

"अरे, ही लांबची अंधारात आंधळी," शामराव म्हणाला. "देवळात हिच्यातून समई दिसेल फार तर. त्यापेक्षा ही आखूड बघ. तोंड केवढं मोठंय. हिला घेऊन चार पावलं पुढे जायचं, की झालं."

"पुढेच जायचं नाही मला."

"मग काय, खिडकीत बसून समोरच्या चाळीत डोकावणार? थांब, कौसल्यावहिनींच्या कानावर घालतो."

गुणाजी हसला नाही. दुकानदार दोघांना ओळखून होता. "आजचा दिवस घेऊन जा," तो म्हणाला. "पटली तर बोलू."

त्या दिवशी दुपारी लालबागच्या विठ्ठलमंदिरात कोंडीरामबुवांचं कीर्तन होतं. कोंडीराम गुणाजीचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर गुणाजीनेच त्याला लहानाचा मोठा केला, गिरणीत आपल्याच खात्यात चिकटवला. आणि तीन वर्षांपूर्वी एक दिवस कोंडीराम गिरणी सोडून कीर्तनाला उभा राहिला.

"झांजा वाजवून पोट भरतं होय रे? पुन्हा माझा उंबरा चढू नकोस," गुणाजी बोलून गेला. कोंडीराम खरोखरच चढला नाही.

पहिल्याच वर्षी गुणाजीला राहवलं नाही. तो देवळात गेला. मध्यंतराला बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. लोक पाया पडायला पुढे निघाले, त्यांच्याबरोबर तोही सरकला. भावाभावांची नजरानजर झाली. कोंडीराम नारदाच्या गादीवर ताठ उभा. हात जोडले नाहीत, मान लवली नाही. सगळी दुनिया याच्या पाया पडते, म्हणून थोरल्या भावासमोरही हा असा? गुणाजी आल्या पावली मागे फिरला.

तेव्हापासून तो कीर्तन चुकवत नसे, पण मागे चपलांपाशी, खांबाआड उभा राही. मध्यंतराची गडबड सुरू झाली की निघून जाई. वरचा सूर लावताना कोंडीरामच्या कपाळावर आईसारखी आठी पडते, असं त्याला लांबून वाटायचं. ती एकदा नीट बघायची होती. जवळ न जाता.

चैत्रातलं रामाचं नवरात्र होतं. उन्हाचा एक पट्टा झरोक्यातून उतरून धुपात तरंगत होता. पूर्वरंग असा काही रंगला होता की नाम कोण घेतंय आणि कोण ऐकतंय, याचा भेदच उरला नव्हता. बायका डोलत होत्या, समईची ज्योत डोलत होती. गुणाजीने लेन्स वळवली. अंधुक, मधासारख्या उजेडात कोंडीरामचा चेहरा वर आला. सूर चढला. आठी पडली. आईचीच.

पण बुवा नाचत होते. या उजेडात फोटो हलणार, हे शामरावने बजावलं होतं. हार घालून घेताना तरी बुवा घटकाभर स्थिर उभे राहतील. म्हणून पहिल्या वर्षीच्या त्या प्रसंगानंतर आज प्रथमच गुणाजी मध्यंतराला थांबला. खांबाआडून बाहेरही आला.

गजर सुरू झाला. हार पडला. कपाळाला बुक्का लागला. कोंडीराम स्थिर झाला आणि सरळ लेन्समध्ये बघू लागला. गुणाजीने श्वास धरला. बोट कळीवर ठेवलं.

तेवढ्यात चेहरा मोठा होऊ लागला. आधी हार चौकटीबाहेर गेला, मग कान गेले, मग बुक्क्याचं काळं बोट तेवढं राहिलं आणि तेही विरघळलं. गुणाजीने लेन्सची कडी फिरवली, शेवटपर्यंत फिरवली. काही केल्या चित्र नीट होईना. धुकं, नुसतं धुकं. एका दिवसात बिघडली की काय ही? आता दुकानदाराला काय तोंड दाखवायचं?

पेटी थांबली होती. टाळ थांबले होते. कुणीतरी म्हणालं, "बुवा उतरले."

गुणाजीच्या पावलांवर काहीतरी ऊन, ओलं टेकलं. त्याने कॅमेरा खाली घेतला.

तिकडे गादी रिकामी होती. इकडे चपलांच्या ढिगाऱ्यात, गळ्यातल्या हारासकट, कोंडीराम त्याच्या पायांवर डोकं ठेवून होता.

"अरे, ऊठ. लोक बघतायत," गुणाजी कसाबसा म्हणाला.

कोंडीराम उठला नाही. तिथूनच बोलला.

"काय करू दादा? घरी यायला तू मना केलंस, कीर्तन संपेपर्यंत तू थांबत नाहीस, आणि गादीवर उभं असताना कुणापुढे वाकायचं नसतं."