ढब्याचं पथ्य

ढब्या पुन्हा ओकला. या वेळी थेट तिच्या पायांवर.

तिनं ओरडायचंही सोडून दिलं होतं. फडकं घेऊन ती खाली बसली आणि पुसायच्या आधी वाकून नीट पाहिलं. सकाळी दिलेला मऊ भात आणि भोपळा त्यात होता. आणि मटणाचे तुकडे होते. ती स्वतः कामावरच जेवून आली होती. घरात मटण वाढलं होतं ते एकाच ताटात, सासऱ्यांच्या.

ढब्या कोपऱ्यात गेला, पुढचे पाय पसरून मागचं अंग उंच केलं आणि तसाच कण्हत राहिला. पोटात कळ आली की तो असाच उभा राही. गेल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वादुपिंडाला सूज आहे, चरबीचा घाससुद्धा चालायचा नाही, आता झटका आला तर माझ्या हातात काही राहणार नाही. ते ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कुत्रा तिच्या नवऱ्याचा. एवढंसं पिल्लू असताना त्यानं शर्टात घालून आणलेलं, अगदी चेंडूसारखं गोल, म्हणून ढब्या. आता नवरा नव्हता आणि ढब्याच्या बरगड्या लांबून दिसत होत्या. नाव तेवढं जाडजूड उरलं होतं.

पथ्य तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आजाऱ्यांची ताटं वाढणं हेच तिचं काम. तिथं सगळ्यांचा एकच ठोकताळा होता. वॉर्डातून परत आलेलं ताट बघायचं. रिकामं आलं, की माणूस सुधारतोय. नवऱ्याची ताटं शेवटी शेवटी जशी वाढली तशी परत येत. ती ओतून टाकताना तिच्या आत जे तुटलं, ते अजून सांधलं नव्हतं. म्हणून सासऱ्यांच्या खोलीतून लख्ख पुसलेलं ताट आलं की तिच्या जिवात जीव येई. ते उजेडात धरून ती 'वा, बाबा' म्हणे. दिवसभरात ती हसे तेवढीच. घरात एकाचं तरी पोट धड आहे, असं तिनं डॉक्टरीणबाईंनाही कौतुकानं सांगितलं होतं. सासऱ्यांच्या पाण्याच्या पेल्यात मात्र रोज तेलाचा तवंग असायचा. म्हाताऱ्या माणसाच्या मिशा, असं म्हणून ती पेला गरम पाण्यानं घासून ठेवी.

आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ढब्याला तुमच्या ताटातलं काही घालू नका, म्हणून तिनं सासऱ्यांना हात जोडून विनवलं होतं आणि त्यांनी मान डोलावली होती. ती ओल्या फडक्यानिशीच त्यांच्या खोलीत गेली. सासरे खुर्चीत बसले होते, एवढ्या उकाड्यातही अंगात स्वेटर घालून.

"बाबा, तो तुमच्या हातून मरणार आहे," ती म्हणाली. "तुमच्या मुलाचं एवढं एकच राहिलंय माझ्याकडे. तेही बघवत नाही का तुम्हाला?"

आपण नको ते बोललो, हे तिला बोलतानाच कळलं. पण तिनं शब्द मागे घेतले नाहीत.

दवाखान्यात ढब्याला सुया टोचल्या, सलाईन लावलं. संध्याकाळी तिनं त्याला उचलूनच घरी आणलं. तो वाचतो की नाही हे सकाळपर्यंत कुणालाच सांगता येणार नव्हतं. तिनं त्याला स्वयंपाकघरात निजवलं, दार लावलं आणि सासऱ्यांचं ताट वाढून खोलीत नेलं. मग स्टूल ओढून ती त्यांच्यासमोर बसली. तुमचं जेवण होईस्तोवर मी इथून हलणार नाही, असं तिनं सांगून टाकलं.

त्यांनी बटाट्याची फोड तोंडात घातली. चावली. चावतच राहिले. मान पुढे काढून गिळायला गेले तसे गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. मग रुमाल तोंडाशी नेऊन त्यांनी तो घास हळूच त्यात ठेवला. दुसऱ्या घासाचंही तेच झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी मटणाचा तुकडा उचलला, पण तोंडाकडे नेलाच नाही. पाण्याच्या पेल्यात बुडवला, बोटांनी चोळला, निथळला आणि सवयीनं खुर्चीखाली धरला. खाली कुणी नव्हतं. त्यांचा हात तिथंच थांबला. पेल्यात तेल पसरत होतं.

"धुऊन देत होतो," ते ओशाळून म्हणाले. "चरबी नको म्हणाली होतीस ना."

तिनं त्यांचं मनगट धरलं आणि स्वेटरची बाही वर सारली. तिची बोटं मनगटाभोवती पुरी फिरली, वर जागा उरली. असली मनगटं तिनं वॉर्डात पाहिली होती. घरातही एकदा पाहिली होती. कधीपासून खाली उतरत नाही, असं तिनं विचारलं. तो गेला त्याच्या आसपास घसा धरला, असं ते म्हणाले. आधी भाकरी अडकायला लागली, मग भात. आता पेजही घोट घोट घ्यावी लागते.

एवढे दिवस तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं, आणि पाहिलं होतं ते नुसत्या ताटाकडे.

"मग ताट तसंच परत का नाही पाठवलंत, बाबा? मला लगेच कळलं असतं."

सासरे खुर्चीखालच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. तुकडा अजून त्यांच्या हातातच होता.

"रिकामं गेलं की हसायचीस तू," ते म्हणाले.