रिकामी पिशवी

"आत अन्न आहे," नाकातून घातलेली नळी बाहेर काढत भूल देणारे डॉक्टर म्हणाले. "मागच्या वेळेसारखंच."

अल्विन ट्रेलोर टेबलावर उठून बसला. "दोन दिवस गाळलेल्या सूपशिवाय काही घेतलेलं नाही मी."

"मग जुनं असेल. तुमच्या पिशवीत घास दिवसेंदिवस पडून राहतो." सर्जन डॉ. क्विनबाईंनी मास्क खाली केला. अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला, एका बाजूला लोंबणारी अशी पिशवी त्यांनी आख्ख्या नोकरीत मोजक्याच वेळा पाहिली होती. मानेवर छेद घ्यायचा, आवाजाची नस सांभाळायची, पिशवी कापून टाकायची. पण ती रिकामी हवी. भूल दिल्यावर तेच अन्न उलटून फुफ्फुसात गेलं, तर माणूस हाती लागत नाही.

"एक शेवटची तारीख देते, मिस्टर ट्रेलोर. तेव्हाही असंच झालं तर यादीतून तुमचं नाव काढून टाकावं लागेल. वजन असंच उतरत राहिलं, तर पुढे मी हात लावणार नाही."

मुलगी मेरिन बाहेर गाडी काढायला गेलेली पाहून तो हळूच म्हणाला, "आवाज गेला तरी चालेल हो मला. पोरीला तिच्या घरी जाऊ दे."

ॲडलेडच्या हॉस्पिटलमधून मूंटाला, आपल्या गावी, परतताना वाटेत मेरिनने विचारलं, "खरंच काही खाल्लं नाहीस ना, डॅड?"

"तुझी शपथ."

दोन्हीकडे गव्हाची कापलेली रानं मागे पळत राहिली.

आई गेल्यावर मेरिन त्याच्यासाठी आली आणि राहिली. त्याचं सगळं जेवण कुस्करून द्यावं लागे. जेवल्यावर बऱ्याच वेळाने तेच अन्न तसंच्या तसं तोंडात येई. झोपेत ठसका लागला तर उठवून बसवायला कोणीतरी लागे. त्यामुळे तो चारचौघांत जेवायचा बंद झाला, आणि तीही चारचौघांत जायची थांबली. मैत्रिणीचा फोन आला की तिचं एकच उत्तर असे, "मी कशी येऊ? त्याला सोडून? अडकलेय गं मी." भिंतीपलीकडून अल्विनला ते ऐकू येई. कुठलाही घास अडकला नसेल इतका तो शब्द त्याला अडके.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी शेजारचा टोंकिन व्हरांड्यात येऊन बसला.

"म्हाताऱ्या, खरं सांग. मांस-बटाटा भरलेली पेस्टी चोरून खाल्लीस ना?"

"खाल्ली असती तर निदान मजा तरी आली असती."

"माझ्या बायकोच्या हातची असणार. ती पिशवी नसलेल्यांच्याही घशात अडकते."

अल्विन हसला, ठसकला, मान वळवून कसाबसा सावरला. मेरिनने त्याची पाठ चोळली.

"उद्या सुटलीस तू, मेरिन," टोंकिन म्हणाला. "मग काय बेत?"

"ॲडलेडला जाणार. माझं सगळं तिकडेच तर आहे."

"कोणी वाट बघतंय वाटतं?"

टोंकिनच्या कपात अजून चहा होता. तिने तो उचलला आणि आत गेली.

टोंकिन गेल्यावर अल्विन उठला. तिला सांगायचं होतं, तुझीही बॅग भर, ऑपरेशननंतर परत माझ्यामागे येऊ नकोस, मी बघेन माझं.

स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. मेरिन पाठमोरी होती. सूपच्या कपावर गाळणी धरून ती उकडलेला बटाटा बोटांनी घासत होती. गाळणी रिकामी झाल्यावर तिने चमचा घेतला आणि काही दिसेनासं होईपर्यंत ढवळत राहिली. मग ओट्यावर दोन्ही हात टेकून नुसती उभी राहिली.

टोंकिनचा 'कोणी वाट बघतंय?' हा प्रश्न त्याला आठवला, आणि तो पावलांचा आवाज न करता मागे फिरला आणि खुर्चीत येऊन बसला.

"दोनदा गाळलंय," कप पुढे करत ती म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "सावकाश पी, डॅड."

अल्विनने मान एका बाजूला वळवली, घोट घोट करत कप तळापर्यंत संपवला आणि तिच्या हातात दिला.

"अजून आहे का गं?" त्याने विचारलं.