चढाची सायकल

“मोटर चाकात नको, पायडलपाशी हवी. चढाला जोर तिथूनच मिळतो,” फोरमननं वही उघडत सांगितलं.

दुकानवाली हसली. तिशीची असेल, बोटं ग्रीसनं काळी. “काका, सगळा अभ्यास करूनच आलात की. मग माझं काय काम?”

कारखाना सुटला तरी सगळे त्याला फोरमनच म्हणत. वहीत चार सायकलींचे चार रकाने होते. वजन, बॅटरी, ब्रेक, पुढचा शॉक. एकेकावर पेन्सिल टेकवत तो विचारत गेला.

“पंचवीस किलो म्हणजे वजनदार झाली. वाटेत बॅटरी संपली तर?”

“तर ढकलायची. म्हणून म्हणते, बॅटरी मोठी घ्या.”

“आणि पाय मारल्याशिवाय चालत नाही ना ही?”

“अजिबात नाही. तुम्ही जोर लावाल त्यात ती आपली भर घालते.”

“म्हणजे चढणार मीच.”

“तुम्हीच चढणार, काका.”

हे ऐकल्यावर त्याचे खांदे जरा सैल झाले. बत्तीस वर्षं दर रविवारी तो टेकडी चढला होता. तीन महिन्यांपूर्वी हृदयात दोन स्प्रिंगा बसल्या आणि डॉक्टरांनी साधी सायकल बंद केली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक बिजागरीला दोन-दोनदा तेल घालून झालं होतं. शेवटी बायकोच म्हणाली, “अहो, मोटरवाली घ्या एखादी, पण त्या दारांना सोडा.”

ती दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, त्याच्या गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन.

“काकू, तुम्ही पण जाता का टेकडीवर?” दुकानवालीनं विचारलं.

“मी खाली असते. टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन.”

“हिला दम लागतो,” वहीतून मान वर न करता फोरमन म्हणाला.

“एकदा लागला होता,” ती म्हणाली. “लग्न झालं त्या वर्षी.”

पेन्सिल थांबली. दुकानवालीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, मग भिंतीलगतची एक मोटरवाली सायकल काढून दारात उभी केली. “हिची सीट बसल्या बसल्या खाली-वर होते. हा खटका दाबायचा. बसून बघता का काकू? दुकानामागूनच टेकडीची वाट सुरू होते. पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन या.”

“अहो, ती बाजारापुरती चालवते सायकल,” फोरमन म्हणाला.

पण बायकोनं गोळ्यांची पिशवी त्याच्या हातात दिली होती. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला, कपडे सावरले, पाय मारला आणि सायकल अशी पुढे सरकली की ती स्वतःच “अगंबाई!” म्हणाली. वळणाआड गेली तेव्हाही तिचं हसू ऐकू येत होतं.

टाकीपर्यंत जाऊन यायला पाच मिनिटं पुरतात. दहा झाली. फोरमन मागच्या अंगणात येरझारा घालू लागला.

“ब्रेक एकदम दाबला असेल तिनं. उतारावर पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतं. सांगितलं होतंत का?”

“सांगितलं होतं.”

पंधरा मिनिटं झाली. तो वाटेकडे निघाला. दुकानवालीनं आडवा हात घातला. “काका, चढून जाऊ नका. पाच मिनिटं थांबा, नाहीतर मीच जाते.”

तो थांबला. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत राहिला. इतकी वर्षं ही इथं उभी राहून काय करत असेल, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. कधी कधी तर तो वर दोन-दोन तास रमायचा.

विसाव्या मिनिटाला ती वळणावर दिसली. दोन्ही ब्रेक हलकेच धरून, जपून उतरत होती. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. आली, उतरली आणि त्याच्या डोळ्यांकडे बघून म्हणाली, “घाबरलात की काय?”

“टाकीपर्यंत जा म्हटलं होतं.”

“टाकी कधी मागे पडली, कळलंच नाही. मग म्हटलं, एवढं आलोच आहोत, तर जाऊ टोकापर्यंत.” तिनं हेल्मेट काढलं. “अहो, वरून आपलं घर दिसतं. गच्चीवर वाळत घातलेली निळी चादरसुद्धा. इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत!”

टेकडीच्या टोकाबद्दल फोरमननं तिला पुष्कळ सांगितलं होतं. किती मिनिटांत चढलो, कुठल्या वळणाला गिअर बदलला, मागून येणाऱ्या पोरांना कसं गाठू दिलं नाही. घराबद्दल सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. ते त्यानं पाहिलंच नव्हतं.

“मग काका, चारातली कुठली?” दुकानवालीनं विचारलं.

त्यानं वही मिटून खिशात घातली. सायकलीशी गेला, खटका दाबून सीट स्वतःच्या उंचीला आणली, पुन्हा दाबून खाली केली. “हीच द्या. दोघांना बसते.”

दुकानवाली कागद आणायला आत गेली. बायको बाटलीतून घटाघटा पाणी पीत होती. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, जरा घुटमळला.

“कुठल्या बाजूला दिसतं गं, घर?”

तिनं पालथ्या हातानं तोंड पुसलं.

“काही अवघड नाही. वर पोचलात की फक्त मागे वळायचं.”