आदितालातलं बोट

वसुमती टीचरांच्या बोटावरचा सेन्सर ऑक्सिजन दाखवेना, आणि आकडा आल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन सुरू करेनात. मी हॉस्पिटलचा मशीन दुरुस्त करणारा. सेन्सर खराब वाटला, बदलला. नवाही दाखवेना. मग दिसलं: भुलीला घाबरलेल्या टीचर मनात गात बोटांनी आदिताल धरून होत्या, आणि हलत्या बोटावर आकडा येत नाही. पायाच्या अंगठ्याला लावला, तर पाय तालात. कानाला लावला, तर मान डोलू लागली.

शेवटी मीच गायला लागलो. टीचर जागच्या जागी थिजल्या. स्क्रीनवर अठ्ठ्याण्णव.

“रघुराम, तूच का रे? तिरुवैयारूच्या गाण्याच्या क्लासातून काढलं होतं तुला मी.”

“हो टीचर.”

“थांबू नका,” डॉक्टर मला म्हणाले. “भूल चढेपर्यंत गा.”

टीचरांनी हात जोडले. “डॉक्टर, मग भूल लवकर द्या.”